पॅडने रॅश येते? मग काय बदलायचं, कसं बदलायचं: कापडी पॅड अन् कप पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

मागच्या मे महिन्यात माझी भाची क्लासवरून आली अन् दारातच भिंतीला धरून उभी राहिली. "मावशी, चालताच नाही येऊन राहिलं गं." बाहेर नागपूरचे ४५ डिग्री, पाळीचा तिसरा दिवस, सक्करदऱ्याहून धरमपेठेत स्कूटीवर ये-जा. पाहिलं तर दोन्ही मांड्यांच्या आत लालभडक, एका बाजूला पॅडच्या पंखाची कड घासून घासून कातडी सोललेली. सकाळी साडेसातला लावलेलं पॅड संध्याकाळी पाचपर्यंत तेच होतं, कारण क्लासच्या बाथरूममध्ये ना नळाला पाणी ना टाकायला डबा. आणि पॅड कोणतं, तर सुगंधी, कारण वर्गात वास येईल ही भीती.

तेव्हापासून आम्ही दोघींनी मिळून एकेक गोष्ट बदलत आणली, काही जमलं, काही सोडून दिलं, अन् आता तिच्या मैत्रिणी, माझ्या ऑफिसातल्या पोरी सगळ्या तेच तेच विचारतात, पॅडमध्ये खरंच केमिकल असतं का, कप (योनीत बसवून रक्त साठवायचा मेन्स्ट्रुअल कप) आत अडकतो का, कापड वापरणं म्हणजे आजीच्या काळात परत जाणं नाही का. म्हणून सगळं एका जागी लिहितेय. एकच विनंती आहे, सगळं एकाच महिन्यात बदलू नका. एका पाळीला एकच बदल, नाहीतर रॅश कशाने गेली अन् कशाने वाढली ते कळतच नाही.

पायरी १: एक पाळी फक्त लिहून काढा

काही विकत आणायच्या आधी एक छोटी वही घ्या किंवा फोनमध्ये नोट करा. पॅड किती वाजता लावलं, किती वाजता बदललं, किती भरलं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होता, तिथे पाणी होतं का. रॅश असेल तर नेमकी कुठे, मांडीच्या कडेला की मधोमध की मागे. कडेला असेल तर बहुतेक वेळा घासण्याने अन् घामाने, जिथे जिथे पॅड टेकतं तिथे सगळीकडे लाल अन् खाज असेल तर पॅडचा सुगंध, गोंद नाहीतर वरचं प्लॅस्टिक सोसत नसेल.

आणि रक्त किती जातं याचाही अंदाज येतो. अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ८० मिली रक्त जातं, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंगएवढं. भाचीला हे पटेचना, पण वहीत लिहिल्यावर तिच्याच लक्षात आलं की पहिले दोन दिवस सोडले तर ती "एक्स्ट्रा लार्ज ओव्हरनाइट" उगाच लावून फिरत होती. जाड मोठं पॅड, त्यात गरमी, म्हणजे आत सगळं उकडून निघणार.

पायरी २: तुमचं पॅड कापून बघा

हे नक्की करा, दहा मिनिटं लागतात. वर्तमानपत्र पसरा, कोरं पॅड घ्या, कात्रीने मधोमध उभं कापा. वरचा मऊ जाळीदार थर बहुतेक पाकिटांत पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनचा असतो, म्हणजे प्लॅस्टिक, पाकिटावर "कॉटनसारखं मऊ" लिहिलं असलं तरी. "सारखं" हा शब्द नीट वाचा. त्याखाली कापसासारखा पांढरा लगदा दिसतो तो लाकडाचा लगदा. त्या लगद्यात साखरेसारखे बारीक दाणे हाताला लागतात, ते सुपर अॅबसॉर्बंट पॉलिमर, सोडियम पॉलिअॅक्रिलेट. सगळ्यात खाली न गळणारा प्लॅस्टिकचा थर, गोंद अन् तो सोलून काढायचा कागद.

आता त्यावर अर्धी वाटी पाणी ओता. आम्ही ओतलं तेव्हा दाणे फुगून भिजलेल्या साबुदाण्यासारखे झाले, बोटाने दाबलं तरी पाणी बाहेर येईना. भाची म्हणाली, "म्हणूनच दिवसभर कोरडं वाटते!" बरोबर, वरून कोरडं वाटतं म्हणून आपण बदलत नाही, पण आत ओल, ऊब अन् रक्त तसंच असतं आणि जंतूंना तेवढं पुरतं.

अजून एक, वरच्या थराचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावून बघा (खिडकी उघडी ठेवा, बाजूला पाणी घ्या, लहान मुलं जवळ नकोत). सुती असेल तर कागदासारखा जळून राख होतो, प्लॅस्टिक असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. "शंभर टक्के कॉटन" म्हणून महाग घेतलेल्या पाकिटाचं पितळ इथेच उघडं पडतं.

पायरी ३: केमिकलचं काय खरं, काय नाही

इथे दोन टोकाचे मेसेज फिरतात. एक म्हणतो पॅडने कॅन्सर होतो, दुसरा म्हणतो सगळी अफवा. दोन्हीवर विश्वास ठेवू नका.

जे माहीत आहे ते असं. २०२२ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने भारतातल्या बाजारातले १० पॅड ब्रँड तपासले, त्यात थॅलेट आणि उडून जाणारी सेंद्रिय रसायनं म्हणजे व्हीओसी सापडली, आणि "ऑरगॅनिक" म्हणवणारेही त्यातून सुटले नाहीत. थॅलेट प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात, आपल्या हार्मोनच्या कामात ती ढवळाढवळ करू शकतात म्हणून काळजी. व्हीओसी गोंद, वास वगैरेंमधून येतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टॅम्पॉन (योनीत घालायचे रक्त शोषणारे बोळे) तपासले तर त्यात शिसं, आर्सेनिकसकट बऱ्याच धातूंचे अंश मिळाले. पण वस्तूत एखादी गोष्ट सापडणं अन् ती आपल्या शरीरात किती जाते हे कळणं यात फरक आहे, आणि पॅडमुळे कॅन्सर झाला असं यातल्या कुठल्याही तपासणीने दाखवलेलं नाही. तरी मला हे हलक्यात घ्यावंसं वाटत नाही. एक बाई तीस-पस्तीस वर्षं, दर महिन्याला पाच दिवस ही वस्तू शरीराच्या सगळ्यात नाजूक जागी लावते, तिथली त्वचा हातापायासारखी जाड नसते. मग जे टाळता येतं ते टाळावं.

डायॉक्सिनबद्दलही विचारतात. पूर्वी लगदा पांढरा करायला क्लोरीन वायू वापरायचे, त्यातून डायॉक्सिन तयार व्हायचं. आता बऱ्याच ठिकाणी क्लोरीन वायूऐवजी दुसऱ्या पद्धतीने ब्लीच करतात, त्यामुळे हे प्रमाण खूप कमी झालंय.

राग येतो तो घटकांच्या यादीचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये पाकिटावर घटक छापायचा कायदा केला. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती ते छापलेलं असतं, अन् पॅडच्या पाकिटावर बहुतेक वेळा फुलं, पाखरं अन् "अल्ट्रा" एवढंच. निदान आयएसआय मार्क आणि आयएस ५४०५ हा नंबर शोधा, हे पॅडसाठीचं भारतीय मानक आहे, २०१९ मध्ये ते नव्याने आलं, त्यात शोषून घेण्याची क्षमता, पीएच, स्वच्छता अशा गोष्टी तपासायच्या असतात.

पायरी ४: पॅडच वापरणार असाल तर आधी हे करा

सगळ्यांना कप किंवा कापड जमेलच असं नाही अन् जमायलाच पाहिजे असंही नाही. भाचीचा पहिला महिना आम्ही एवढंच केलं: सुगंधी पॅड बंद. फक्त एवढ्यानेच खाज निम्म्याहून कमी झाली. पाळीच्या रक्ताला असा घाण वास नसतोच, पॅडवर तासन् तास राहून वास येतो, तेव्हा उपाय अत्तर नाही, बदलणं.

दर ४ ते ६ तासांनी बदला, भरलं नसलं तरी. शाळा, क्लास, ऑफिस जिथे सोय नाही तिथे काय, तर बॅगेत एक छोटी सुती थैली ठेवा, त्यात दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचे तुकडे अन् अर्धा लिटर पाण्याची बाटली. आणि क्लासवाल्यांना सांगा. आम्ही चौघी पालक जाऊन शांतपणे बोललो की मुलींच्या बाथरूममध्ये झाकणाचा डबा अन् पाणी पाहिजे. आठ दिवसांत डबा आला, पाण्याला महिना लागला.

धुवायला साधं पाणी पुरतं. योनीमार्ग स्वतःच स्वतःला साफ ठेवतो, आतला पीएच ३.८ ते ४.५ असा आंबट असतो अन् तोच जंतूंना आवर घालतो, त्यामुळे इंटिमेट वॉश, डेटॉल, साबण आत घालायचा नाही, बाहेरून पाणी अन् फार तर सौम्य साबण. पुसताना पुढून मागे. पावडर टाकू नका. उन्हाळ्यात सुती चड्डी, सैल सलवार, घट्ट जीन्स पाळीच्या दिवसांत नकोच.

रॅश झालीच तर गार पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, घरी असताना थोडा वेळ मोकळं ठेवा, बाहेरच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं क्रीम किंवा खोबरेल तेल पातळ लावा. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणू नका, त्यातल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं अन् खाज बुरशीची असेल तर नंतर ती दुप्पट पसरते.

पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात "सुविधा" पॅड १ रुपयाला एक मिळतं, २०१९ पासून हाच भाव आहे. ते ऑक्सो-बायोडिग्रेडेबल म्हणून येतं, तरी त्यात प्लॅस्टिक आहेच, मातीत टाकलं की जिरेल असं समजून अंगणात पुरू नका. पण जिला दिवसाला चार पॅड परवडत नाहीत म्हणून एकच लावून बसावं लागतं, तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

पायरी ५: कापडी पॅड, सुरुवात रात्रीपासून

कापड म्हटलं की माझी आई आधी नाही म्हणाली. तिच्या लहानपणी महालातल्या वाड्यात सहा बायका, घड्या धुवायच्या पहाटे अंधारात अन् वाळवायच्या पलंगाखाली बांधलेल्या दोरीवर, वरून जुनं लुगडं टाकून, म्हणजे पुरुषमाणसांना दिसायला नको. पावसाळ्यात त्या घड्या कधी पूर्ण वाळल्याच नाहीत, ओलसरच लावायच्या. "कुबट वास यायचा बाप्पा, अन् खाजून खाजून जीव जायचा," म्हणते. त्रास कापडाचा नव्हता, ते कापड उन्हाला कधी लागलंच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात १५ ते २४ वयाच्या साधारण निम्म्या मुली कापड वापरत होत्या, त्यामुळे हा विषय जुना झालेला नाही.

आताचं कापडी पॅड म्हणजे वर सुती थर, मधे फ्लॅनेलचे तीन-चार थर, खाली न गळणारं पातळ कापड अन् पंखांना टिचबटण. तयार घ्यायचं तर आधी एकच घ्या, सहाचा सेट नको. त्यासाठीही २०२१ पासून आयएस १७५१४ हे मानक आहे. घरी शिवायचं तर गांधीबागेतल्या कापड मार्केटमधून फ्लॅनेल आणा, वरच्या थराला आईची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी सगळ्यात चांगली. नवं कापड असेल तर आधी दोनदा धुऊन खळ काढा, खळ असली की कापड रक्त शोषतच नाही, वरून वाहतं. लांबी दिवसाला २५ सेंटीमीटर, रात्रीला ३०. रंग फिका घ्या, गडद रंगात डाग दिसत नाही म्हणून बायका तेच घेतात, पण नीट धुतलं गेलं की नाही तेही दिसत नाही.

पहिल्यांदा लावायचं ते घरी, रात्री, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी क्लासला लावून गेलात अन् डाग पडला तर पुन्हा नाव घेणार नाही, मैत्रिणींमध्ये असं दोघींचं झालं.

धुण्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. काढल्यावर आधी गार पाण्याखाली धरा, हाताने दाबत राहा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी अजिबात नाही, अंड्यासारखं रक्तही उष्णतेने घट्ट होतं अन् डाग कायमचा बसतो. मग छोट्या बादलीत गार पाण्यात अर्धा-एक तास झाकून ठेवा, रात्रभर नको, वास धरतो. नंतर कपडे धुवायचा साधा साबण, हाताने चोळून, ब्रश लावलात तर धागे निघतात. बोअरचं जड पाणी असेल तर साबण नीट निघत नाही अन् तो साबणच त्वचेला टोचतो, तेव्हा दोन पाणी जास्त घ्या. सॉफ्टनर टाकू नका, त्याने कापडावर थर बसतो, शोषणं कमी होतं. शेवटी नीट पिळून गच्चीवर, कडक उन्हात, सुतीची बाजू वर.

आता आपल्या नागपूरचं ऊन इथे कामाला येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दीड-दोन तासात कडकडीत वाळतं. पावसाळ्यात मात्र हाच प्रश्न उलटा होतो, चार-चार दिवस ऊन नाही, तेव्हा पंख्याखाली वाळवून वरच्या सुती बाजूने इस्त्री करा (न गळणाऱ्या थरावर इस्त्री लावू नका, वितळतो), अन् गालाला लावून बघा, जराही गार लागलं तर ते अजून ओलं आहे, लावायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही कापडी फक्त रात्री ठेवतो, दिवसा साधं बिनवासाचं पॅड.

गच्चीवर कुणी बघेल याचं काय, तर भाचीने पहिल्या दिवशी वरून ओढणी टाकली होती. मी काढली. शेजारच्या काकू पापड घालायला आल्या, त्यांनी पाहिलं, विचारलं, अन् हातात घेऊन शिवण तपासली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या सुनेसाठी नमुना मागायला आल्या.

बाहेर बदलावं लागलं तर वापरलेलं पॅड आतल्या बाजूला दुमडून पंखांचं बटण लावा, जाड पिशवीत ठेवा, घरी येऊन लगेच धुवा. ज्या हॉस्टेलला धुवायला निवांत जागा नाही, वाळवायला ऊन नाही, तिथे कापडी पॅडचा हट्ट धरू नका.

पायरी ६: कप

मी स्वतः कप वापरते, चार वर्षं झाली. मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा छोटा घंटेच्या आकाराचा कप, तो आत बसतो अन् रक्त शोषत नाही, साठवतो, साधारण २० ते ३० मिली. १२ तासांपर्यंत ठेवता येतो, एक कप नीट ठेवला तर दहा वर्षांपर्यंत चालतो. हिशोब करा, महिन्याला २० पॅड म्हणजे वर्षाला २४०, पॅडमागे ८ रुपये धरले तरी १,९२० रुपये, अन् कप चारेकशे रुपयांतही मिळतो. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात ४३ अभ्यास अन् जवळपास ३,३०० बायका-मुलींची माहिती एकत्र करून आढावा आला होता, त्यात कप सुरक्षित, गळणं पॅड-टॅम्पॉनएवढंच किंवा कमी, असं निघालं. केरळात अलप्पुळा शहरात त्याच वर्षी हजारो कप वाटले गेले, म्हणजे हे फक्त मोठ्या शहरातल्या बायकांचं फॅड नाही.

आधी हे तपासा: तांबी बसवली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कप नको, ओढताना तांबी सरकू शकते. अंग (गर्भाशय) खाली आलं असेल, नुकतीच डिलिव्हरी झाली असेल, आत इन्फेक्शन असेल तरी आधी डॉक्टर. लग्न न झालेल्या मुली वापरू शकतात का, तर हो. योनीपटल कपने ताणलं जाऊ शकतं, पण कौमार्य वगैरे गोष्टी त्या पडद्यावरून ठरत नाहीत, ते सायकलने, खेळाने, कशानेही ताणतं. मनाची तयारी नसेल तर मात्र कुणाच्या सांगण्यावरून करू नका.

साइज: नॉर्मल डिलिव्हरी झाली नसेल अन् वय तिशीच्या आत असेल तर बहुतेक कंपन्यांचा लहान साइज. पण प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून पाळीत हात स्वच्छ धुऊन मधलं बोट आत घाला, नाकाच्या शेंड्यासारखं जे लागतं ते गर्भाशयाचं तोंड. एका पेराच्या आसपासच लागलं तर आखूड कप घ्या.

पहिला दिवस रविवार निवडा, घाई नको. कप मोठ्या पातेल्यात बुडेल एवढ्या पाण्यात ५ मिनिटं उकळा, तळाला चिकटू देऊ नका, चमच्याने हलवत राहा अन् गॅस सोडून जाऊ नका. हे पातेलं फक्त त्याचंच ठेवा. गार झाल्यावर हात धुऊन कप ओला करा, मधोमध दाबून दुमडा, कड आतून सी अक्षरासारखी दिसते. उकिडवं बसा, आपल्याला भारतीय संडासची सवय आहे ती इथे फार उपयोगी पडते. श्वास सोडत ढकला, सरळ वर नको, कंबरेच्या मणक्याच्या दिशेने. आत गेल्यावर सोडलं की उघडतो, कधी "टप्प" असं जाणवतं. बोट कपच्या तळाभोवती फिरवून बघा, घडी लागली तर नीट उघडला नाही, दाबून थोडा फिरवा. नीट बसला असेल तर आत काही आहे हे जाणवत नाही, टोचत असेल तर कपच्या तळाची शेंडी थोडी कापा (कप बाहेर काढून, आत असताना नाही).

काढणं हाच भीतीचा भाग. पहिल्यांदा मी शेंडी धरून ओढत राहिले, कप हलेना, वीस-पंचवीस मिनिटं गेली, अंग घामाने भिजलं, रडूच फुटलं, अन् बाहेरून आई दार वाजवून राहिली होती. चूक ही की हवेने तो चिकटलेला असतो, नुसतं ओढून येत नाही. करायचं असं: उकिडवं बसा, संडासला जोर लावतो तसा हलका जोर लावा म्हणजे कप खाली येतो, मग शेंडी न ओढता कपचा तळ दोन बोटांत दाबा, चिकटलेलं सुटतं, मग एक बाजू आधी वाकवून हळू बाहेर. तो पोटात जाऊ शकत नाही, वरचं गर्भाशयाचं तोंड एवढं बारीक असतं की कप तिथून जाणारच नाही. घाबरल्यावर स्नायू आवळतात, तेव्हा उठा, पाणी प्या, दहा मिनिटांनी परत बसा.

रिकामा करा, पाण्याने धुवा, परत लावा. पाणी नसेल तर बाटलीतल्या पाण्याने, तेही नसेल तर स्वच्छ टिश्यूने पुसून. पाळी संपली की परत ५ मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा अन् सुती थैलीत ठेवा, हवाबंद डब्यात नको. चिरला, चिकट झाला तर फेका. पहिल्या दोन-तीन पाळ्या गळेल म्हणून सोबत कापडी पॅड लावा. भाचीला दोन पाळ्यांत जमला नाही, दुखायचा, तिने सोडला, अन् ते ठीक आहे. ती आता घरी कापडी अन् क्लासला बिनवासाचं पॅड लावते, रॅश परत आलेली नाही.

टॅम्पॉन अन् पिरियड पँटीबद्दल थोडक्यात. टॅम्पॉन ८ तासांच्या वर कधीच ठेवू नका, झोपेत नकोच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत फार शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या बऱ्याच केस झाल्या होत्या, हा जंतूंच्या विषाने होणारा आजार आहे, फार क्वचित होतो पण जिवावर बेततो, कपनेही क्वचित झालाय. अचानक मोठा ताप, उलट्या, जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी लाली, चक्कर असं झालं तर आत असेल ते लगेच काढा अन् सरळ इमर्जन्सीला जा. पिरियड पँटी (रक्त शोषणारी चड्डी) सोयीची आहे पण वाळायला वेळ घेते, घेताना पीएफएएस (पाणी अन् डाग धरू नये म्हणून कापडाला लावतात ती, सहजी न विघटणारी रसायनं) नाही असं स्पष्ट लिहिलेलं बघा.

वापरलेलं पॅड टाकायचं कसं

फ्लश नाही, ते दाणे फुगतात अन् पाइप तुंबतो. जाळायचंही नाही, प्लॅस्टिकचा धूर घरातच राहतो, अन् हॉस्टेलमधल्या छोट्या मशीनला पॅड नीट जाळायला लागणारी ८०० डिग्रीच्या वरची उष्णता क्वचितच मिळते. २०१६ च्या घनकचरा नियमांत वर्तमानपत्रात किंवा कंपनीने दिलेल्या पाऊचमध्ये गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचं असं होतं. गुंडाळा, वर लाल पेनने गोल खूण करा अन् वेगळं द्या. आमच्या गल्लीत कचरागाडीवर येणाऱ्या ताई पूर्वी उघड्या हाताने सगळं चिवडायच्या, कारण आम्हीच भाज्यांच्या सालीत काळी पिशवी कोंबायचो. तिथून ते भांडेवाडीच्या कचरा डेपोला जातं, तिथेही वेचणारी माणसंच आहेत.

डॉक्टरकडे कधी

सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजतंय, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात, पाळी ७ दिवसांच्या वर चालते, पांढऱ्या स्रावाला घाण वास येतो किंवा तो दह्यासारखा दिसतो, ओटीपोटात दुखून ताप येतो, रॅश आठ दिवसांत बरी होत नाही, यातलं काहीही असेल तर थांबू नका. नागपुरात डागा हॉस्पिटल खास बायकांचंच सरकारी हॉस्पिटल आहे, मेडिकल अन् मेयो या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटललाही स्त्रीरोगाची ओपीडी आहे.

आणि विदर्भात राहतो म्हणून हे वेगळं सांगते: आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. पाळीत जास्त रक्त जातं, सतत थकवा आहे, जिना चढताना दम लागतो तर हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची तपासणीही करायला सांगा, नुसत्या लोहाच्या गोळ्या स्वतःच सुरू करू नका. जाताना पायरी १ ची वही सोबत न्या. भाचीला डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसाला किती पॅड लागतात, अन् तिने वहीच पुढे ठेवली.